शब्द वाक्यात बसला की

श्रोतेहो, नमस्कार.

एक इंग्रजी वाक्य म्हणतो, नीट ऐका. 'द ओल्ड मॅन द बोट.' पुन्हा एकदा, सावकाश. 'द ओल्ड... मॅन... द बोट.' तुमच्या डोळ्यांसमोर एक म्हातारा आणि एक होडी उभी राहिली असेल. मग वाटलं असेल, क्रियापद कुठे गेलं? ते वाक्यातच आहे. 'मॅन' हेच क्रियापद! होडीवर कामाला असणं, ती चालवणं, असा त्याचा इथला अर्थ. आणि 'ओल्ड' इथे विशेषण राहिलेलं नाही. आधी 'द' आल्यामुळे ते नाम झालंय, वृद्ध मंडळी. म्हणजे, ती होडी म्हातारी माणसं चालवतात. भाषाशास्त्र शिकवताना हे वाक्य हमखास सांगतात. मला ते फार आवडतं, कारण इंग्रजीचा स्वभावच त्यात पकडला गेलाय.

आपण शाळेत शब्दांच्या आठ जाती शिकलो आणि प्रत्येक शब्दाला कायमची एक जात असते, असं मनात धरून बसलो. मराठीत ते बऱ्याच अंशी चालून जातं. हात हे नाम. त्याचं क्रियापद करायचं तर शब्दाला काहीतरी जोडावं लागतं: हाताळणं. डोकं, त्यावरून डोकावणं. लाथ, त्यावरून लाथाडणं. शब्दाचं रूप बदललं की त्याचं काम बदललं, हे कानाला लगेच कळतं.

इंग्रजीत मात्र अवयवाचं नाव जसंच्या तसं उचलायचं आणि क्रियापदाच्या जागी ठेवायचं. 'हेड' म्हणजे डोकं, आणि एखाद्या समितीचं नेतृत्व करणं हेही 'हेड'. 'आय' म्हणजे डोळा, आणि कुणाला निरखून पाहणंही. 'शोल्डर' म्हणजे जबाबदारी खांद्यावर घेणं, 'एल्बो' म्हणजे गर्दीत कोपरानं ढकलणं, 'थम' म्हणजे अंगठ्यानं पुस्तकाची पानं चाळणं. 'स्टमक' म्हणजे पोट, आणि एखादी गोष्ट सहन करणं. आपणही 'अपमान पचवला' म्हणतोच की! फक्त त्यासाठी आपण पोटाचंच क्रियापद करत नाही.

हे असं का झालं? फार जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, शब्दांना प्रत्यय होते. प्रेम या नामाला 'लुफु' म्हणत आणि प्रेम करणं याला 'लुफियन'. पुढच्या शतकांत शब्दांच्या शेवटचे आघात नसलेले स्वर आधी पुसट झाले, मग गळून पडले. दोन्हींचं मिळून उरलं एकच, 'लव्ह'. प्रत्यय गेले तेव्हा त्यांचं काम शब्दांच्या क्रमानं उचललं. म्हणूनच इंग्रजीत कर्ता आधी, मग क्रियापद, मग कर्म, ही शिस्त इतकी कडक आहे. शब्द कोणत्या जागी बसलाय, यावर त्याची जात ठरते.

पण दिसायला सारखा म्हणून प्रत्येक शब्द एकच असतो असं नाही. विहिरीला 'वेल' म्हणतात आणि 'चांगल्या प्रकारे' यालाही 'वेल'. हे दोन शब्द मुळातच वेगळे आहेत.

काही शब्दांचं काम उच्चारावरून कळतं. 'रे'वर जोर दिला, रेकॉर्ड, की नाम. दुसऱ्या भागावर दिला, रिकॉर्ड, की क्रियापद. तसंच भेट म्हणजे प्रेझंट आणि सादर करणं म्हणजे प्रिझेंट. उपयोग या अर्थी यूस, वापरणं या अर्थी यूझ. जवळचा तो क्लोस, बंद करणं ते क्लोझ. लिहिताना या जोड्यांत काहीच फरक नाही. पण हा नियम सरसकट लावू नका. 'रिपोर्ट' किंवा 'रिस्पेक्ट' दोन्ही कामांत सारखेच उच्चारतात.

आणखी एक जागा, जिथे आपली माणसं फार अडखळतात. 'हार्ड' हे विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो. ते अधिक शुद्ध करायला म्हणून 'ही हार्डली वर्क्स' म्हटलंत, तर अर्थ होतो, तो जवळजवळ कामच करत नाही. ज्याचं कौतुक करायचं होतं त्याच्यावर अन्याय!

नामाचं क्रियापद झालेलं इंग्रजी बोलणाऱ्यांना तरी रुचतं का? सगळ्यांना नाही. अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८९ साली कोशकार नोआ वेब्स्टर यांना लिहिलेल्या पत्रात तक्रार केली होती, की लोक 'नोटिस', 'ॲडव्होकेट', 'प्रोग्रेस' ही नामं क्रियापदं म्हणून वापरू लागले आहेत. आज या तिन्ही क्रियापदांवाचून इंग्रजी वर्तमानपत्राचं पान निघणार नाही. आणि 'गूगल' या कंपनीच्या नावाचं क्रियापद २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात आलंसुद्धा.

म्हणून सुटा शब्द देऊन 'याची जात ओळखा' असं विचारणं मला पटत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीच्या वहीत दोन रकाने होते, शब्द आणि जात. 'राउंड'समोर तिनं लिहिलं होतं, विशेषण. मी म्हटलं, "बाळा, दुसरा रकाना राहू दे, वाक्यं लिही." तिनं डोकं खाजवत, कोश उलगडत लिहिली. गोल टेबल, तिथे विशेषण. चर्चेची फेरी, तिथे नाम. मागे वळून पाहिलं, तिथे क्रियाविशेषण. कोपऱ्याच्या पलीकडे, तिथे शब्दयोगी अव्यय. गाडीनं वळण घेतलं, तिथे चक्क क्रियापद. पाच वाक्यं, पाच जाती, शब्द एकच.

वही मिटता मिटता तिनं विचारलं, "सर, मग 'बॅक'चे किती?" आम्ही दोघं मोजायला बसलो. पाठ. मागचं दार. परत ये. पाठिंबा देणं. चार निघाले, आणि चारही त्याच पाठीतून आलेले.