देणगी आणि अट

नमस्कार मंडळी. परवा इथे बडोद्याच्या सयाजी हॉस्पिटलमध्ये काकूला घेऊन गेले होते, केसपेपरच्या लाइनीत शेजारच्या आजी म्हणाल्या, आमचे हे मुंबईला जेजे हॉस्पिटलात बरे झाले, आणि मग एकदम विचारलं, का गं, हे जेजे म्हणजे कोण? तेव्हाच ठरवलं की आज त्यांच्याबद्दलच बोलायचं, कारण त्यांचं घराणं आपल्या गायकवाडी मुलखातल्या नवसारीचं.

जमशेटजी जीजीभॉय, जन्म १७८३चा. सोळाव्या वर्षीच आईवडील दोघंही गेले, मुंबईत मामांकडे कामाला लागले. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा, म्हणून लोक त्यांनाही बाटलीवालाच म्हणायचे. मग चीनच्या पाच फेऱ्या. १८०५ला फ्रेंचांनी जहाजच पकडलं, सगळा माल गेला, पार आफ्रिकेच्या टोकाला उतरवलं, तिथनं हाल काढत कसेबसे कलकत्त्याला पोचले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता, पुढे तो मोठा व्यापारी झाला आणि त्याच्याबरोबर जमशेटजींचा कापसाचा आणि अफूचा व्यापार प्रचंड वाढला. हो, अफूचा पण. त्या अफूनं चीनमध्ये घरंच्या घरं बुडाली, हे सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलवत नाही.

आता हॉस्पिटल. गोरगरिबांसाठी दवाखाना हवा म्हणून त्यांनी लाखभर रुपये काढून ठेवले पण अट घातली, कंपनी सरकारनंही तेवढेच घालायचे! मला ह्या माणसाचं हेच सगळ्यात आवडतं, नुसता चेक फाडून मोकळे झाले नाहीत, सरकारलाही खिशात हात घालायला लावला. १८४५ला हॉस्पिटल सुरू झालं, जोडीला ग्रँट मेडिकल कॉलेज, म्हणजे पेशंट आणि शिकणारी पोरं एकाच जागी.

१८४२ला 'सर' झाले, भारतीयांत पहिलेच. १८५२ला बॉम्बे असोसिएशन निघाली, इथल्या लोकांचं गाऱ्हाणं थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडायला, तिचे ते मानद अध्यक्ष. १८५९ला गेले.

आणि आवाबाईंना विसरून कसं चालेल, त्यांच्या पत्नी. माहीम आणि वांद्र्याच्या मधे खाडी, लोक होडीनं जायचे, होड्या बुडायच्या, सरकार रस्ता बांधेना. बाईंनी १,५७,००० रुपये दिले, आणि अट त्यांचीसुद्धा होतीच बरं का: ह्या रस्त्यावर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही.