पांढऱ्या धुरामागे

[दृश्य : पहाट. वाशी खाडीचा पूल.]

चेंबूरकडून निघालेला ट्रक खाडी ओलांडून तळोज्याला, घातक कचरा जाळणाऱ्या भट्टीकडे चालला आहे. त्यातल्या पिंपांत रंगांचा चिकट गाळ, मुदत संपलेली औषधे आणि द्रावकांचा साका आहे. हा घातक कचरा कुठून निघाला, कुणी नेला आणि कुठे पोहोचला याची नोंद २०१६च्या नियमांनुसार सात प्रतींच्या मॅनिफेस्टवर, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या वाहतूक-पत्रावर, ठेवावी लागते.

जाळण्याआधी कचऱ्याचा नमुना तपासतात. उष्मांक आणि पाणी पाहिले जातेच, पण खरे लक्ष असते ते क्लोरीनवर. क्लोरीनचा भार एकदम वाढला तर पुढची यंत्रणा तो पेलू शकत नाही, म्हणून असा कचरा इतर कचऱ्यात बेताबेताने मिसळतात. फिरत्या भट्टीतून निघणारा धूर दुसऱ्या कक्षात ११०० अंश सेल्सिअसला किमान दोन सेकंद राहिला पाहिजे, आणि तापमान घसरताच कचरा आत ढकलणे आपोआप थांबले पाहिजे.

मेख मात्र पुढे आहे. इतक्या उष्णतेत मोडलेली डायॉक्सिने, म्हणजे क्लोरीन असलेली अतिविषारी संयुगे, धूर निवताना, साधारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात, तांब्यासारख्या धातूंचे कण असलेल्या राखेवर पुन्हा जुळू लागतात. त्यामुळे या पट्ट्यातली उष्णता वसूल करण्याचा मोह आवरून, पाण्याचे फवारे मारून धूर एकदम थंड करावा लागतो. मग त्यात चुना आणि सक्रिय कोळशाची भुकटी सोडतात.

[दृश्य : बॅग फिल्टरची पिशवी, जवळून.]

धूर गाळणाऱ्या या लांबट कापडी पिशवीवर राखेचा करडा थर साचतो आणि हवेच्या झटक्यासरशी खाली गळतो. ही राख स्वतःच घातक कचरा असल्याने तिची रवानगी सुरक्षित भरावक्षेत्रात होते. उरलेला आम्लवायू कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने स्क्रबरमध्ये धुतला जातो, आणि धुराड्याच्या तोंडाशी दिसणारा पांढरा लोट ही बहुतांशी वाफ असते.

गोवंडीकरांचे वैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीविरुद्धचे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. काळा धूर दिसला की तक्रार होते, पण पांढऱ्यावर विसंबणेही चुकीचेच आहे. डायॉक्सिनांची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा अब्जावा भाग आहे. ती डोळ्यांना कशी दिसणार? धूळ आणि कार्बन मोनॉक्साइड अखंड मोजता येतात, पण डायॉक्सिनांसाठी कित्येक तास धूर ओढून घेऊन नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. नमुना घेतात त्या दिवशी भट्टी सुरळीत चाललेली असते. धोका वाढतो तो भट्टी पेटवताना, विझवताना आणि वीज जाते तेव्हा. कारण वीज गेल्यावर आपत्कालीन झडप उघडली, तर धूर फिल्टरला वळसा घालून थेट आकाशात जातो. म्हणून आवारात पाऊल ठेवणाऱ्या तपासनिसाने धुराड्याकडे मान वर करण्याआधी नियंत्रणकक्षात जावे, आणि ती झडप गेल्या वर्षात किती वेळा व किती मिनिटे उघडी राहिली याची नोंदवही मागावी.