तीन नावांची एक बंदूक

(दृश्य: लाकडी दस्त्याची लांब रायफल. कॅमेरा नळीच्या टोकापासून सावकाश मागे येतो.)

ही विंचेस्टर ३३३.

विंचेस्टर म्हटलं की डोळ्यांपुढे घोड्यावरचा काउबॉय येतो. ही मात्र त्या घराण्यातली नाही. हिच्यात ना दारू, ना काडतूस. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा आणि त्याला ढकलणारी हवा, एवढाच कारभार. मुळात ही अमेरिकेत बनलेलीच नाही. जर्मनीत राश्टाट नावाचं गाव आहे, तिथल्या डायना या बंदुका बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात हिचा जन्म झाला.

मला ती मिळायला चार वर्षं लागली. त्यातलं पहिलं वर्ष तर नावांच्या घोळातच गेलं.

घोळ जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाची यंत्रं आणि खुद्द 'डायना' हे नाव, दोन्ही युद्धभरपाईत गेली आणि स्कॉटलंडमधल्या मदरवेलच्या मिलब्रो कंपनीच्या हाती पडली. पुढे जर्मन मालकांनी पुन्हा बंदुका बनवायला घेतल्या, तर ब्रिटनमध्ये त्यांना स्वतःचंच नाव लावता येईना. मग तिथल्या मालावर त्यांनी शिक्का मारला 'ओरिजिनल'! टोमणा मारावा तर असा. इकडे अमेरिकेत १९६९ ते १९७५ या काळात विंचेस्टरनं याच कारखान्याच्या काही बंदुका आपल्या नावावर विकल्या.

थोडक्यात, माहेरी डायना, ब्रिटनमध्ये ओरिजिनल आणि अमेरिकेत विंचेस्टर. विकणाऱ्याला यातलं बहुधा काहीच ठाऊक नसतं. तो लिहून मोकळा होतो : 'जुनी जर्मन छऱ्याची बंदूक, चालू स्थितीत.'

म्हणून मी नावं वाचणं सोडलं आणि फोटो बघायला लागलो.

(दृश्य: अगदी जवळून. नळकांड्याच्या बाजूला बसवलेली गोल धातूची चकती.)

ही चकती बघा. दोन्ही अंगांना एकेक असते. फोटो कितीही अंधुक असो, ही दिसली की समजायचं, आत गिसची करामत आहे.

साध्या स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये चाप ओढला की जड दट्ट्या पुढे झेपावतो. छर्रा अजून नळीतच असतो आणि तेवढ्यात सगळी बंदूक हादरते. नेम चुकतो तो इथे. कुर्ट गिस या रचनाकारानं त्यावर तोडगा काढला. एकाऐवजी दोन दट्ट्ये, एकमेकांकडे पाठ करून बसवलेले. पुढचा हवा दाबत पुढे जातो, त्याच क्षणी मागचा उलट दिशेला धावतो. दोघांना जोडणारी दातेरी चाकं या चकत्यांखाली असतात. एकाचा धक्का दुसऱ्यानं खाल्ला, की खांद्याला काही कळतसुद्धा नाही.

फोटोतलं पुढचं ठिकाण म्हणजे स्क्रूची खाच. खाचेच्या कडा चेपलेल्या असतील तर कुणीतरी आत हात घालून ठेवलाय. हे साधं प्रकरण नाही. जोडताना चाकाचा एक दातसुद्धा पुढेमागे बसला, तर दोन्ही दट्ट्ये एका वेळी सुटत नाहीत. दुरुस्त केलेल्या बंदुकीपेक्षा बंद पडलेली मला केव्हाही परवडते.

मग नळकांड्याच्या मागच्या टोकाशी ठोकलेले बारीक आकडे. महिना आणि वर्ष. विंचेस्टरचं नाव आणि १९७८ साल एकत्र दिसलं, तर काहीतरी जोडाजोड आहे.

एकदा मी फसलोही. 'जरा हळू मारते,' असं विकणारा म्हणाला होता. बंदूक हातात आली तेव्हा नळीतून छर्रा बाहेरच पडेना. दस्ता दुसऱ्याच बंदुकीचा, तोही रंग फासलेला. आजही ती माझ्याकडे आहे, सुट्या भागांसाठी.

(दृश्य: उघडलेली बंदूक. पांढऱ्या कापडावर तपकिरी भुगा.)

हीसुद्धा 'हळू मारते' याच शब्दांत विकली गेली. या खेपेला मात्र स्क्रूच्या खाचा कोऱ्या होत्या. हा भुगा म्हणजे तिचं पिस्टन सील, दट्ट्याच्या तोंडाशी बसून हवा निसटू न देणारं. त्या काळातलं प्लास्टिक वयानुसार असं ठिसूळ होतं, बोटानं दाबलं तरी चुरा. लोक घाबरतात आणि बंदूक मेली म्हणून भंगारात काढतात. सील बदलायचं असतं, एवढंच. तोवर चाप ओढायचा नाही, नाहीतर दट्ट्याचं लोखंड थेट समोरच्या भिंतीवर आदळतं.

जुळणीला मला तीन रात्री लागल्या. दोनदा दात चुकला.

आता दहा मीटरवर कागद लावला की छर्रे एकाच भोकातून जाऊ बघतात. चाप ओढल्यावर बंदूक जागची हलत नाही, फक्त 'टक्' असा कोरडा आवाज येतो.

(दृश्य: बंदुकीची मागची बाजू. साइट बसवायची रिकामी खाच.)

ही मोकळी जागा दिसतेय ना? इथे तिची मूळ मागची साइट हवी, बारीक छिद्रातून नेम धरायची. विकणाऱ्याच्या आजोबांनी ती काढून कुठेतरी ठेवली होती म्हणे. त्यांना मी दोन पत्रं टाकली आहेत. माळा अजून आवरायचाय, असं उत्तर आलंय.