कुत्रा नसताना ट्रफल

(नागपुरात निसर्गप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. इथून उठून कोणी कुदळ घेऊन गोरेवाड्याला जाऊ नका. आपल्या भोवतालचं जंगल सागाचं. ट्रफल म्हणजे जमिनीखाली गोळा धरणारी बुरशी. ती झाडाच्या मुळांवर जगते, पण तिला झाडं ठरावीक लागतात: ओक, हेझल, पाइन. साग, मोह, तेंदू यांच्या मुळांशी वेगळ्या बुरश्या राहतात आणि त्या खाण्याजोगे गोळे धरत नाहीत. हिमालयात मात्र ट्रफल आहे. 'ट्युबर इंडिकम' ही जात 1892 साली तिथल्याच नमुन्यांवरून नोंदली गेली.

युरोपात ट्रफल शोधायला हुंगणारा कुत्रा नेतात, पूर्वी डुकरीण नेत. आता त्या कुत्र्याकडे येऊ. आपल्याला वाटतं, कुत्रा जागा दाखवतो. जागा तर माणसालाही कळते हो! काळा ट्रफल ज्या झाडाखाली असतो, तिथलं गवत करपतं, जमीन उघडी पडते. फ्रान्समधले जुने लोक लांबूनच असं झाड हेरतात. कुत्रा सांगतो ते दुसरंच: या घडीला पिकलेला कोणता. कच्च्याला तो वास नसतो. पिकला की डायमिथाइल सल्फाइडसारखे वायू सुटतात, प्राणी उकरून खातात आणि बीजाणू रानभर पसरतात. डुकरिणीला नराच्या गंधाचा भास होतो म्हणून ती धावते, अशी एक चटकदार गोष्ट सांगतात. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डुकरानं पुरलेलं डायमिथाइल सल्फाइड शोधलं. नराच्या गंधद्रव्याला विचारलंसुद्धा नाही.

म्हणून दंताळ्यानं सगळी माती ओरबाडून ट्रफल काढायचा मार्ग मला पटत नाही. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये आणि चीनमध्ये तो सर्रास वापरला गेला. कच्चे-पक्के सगळे एकदम वर येतात, आणि कच्चा परत पुरून उपयोग नाही. मुळांशी जोडणारे धागे तुटलेले असतात. चिनी ट्रफलला चव नाही अशी ओरड होते, त्यातला बराच दोष या घाईचा आहे.

कुत्र्याविना पिकलेला ट्रफल हेरायची खरी युक्ती माशीची. 'सुइलिया' नावाची तांबूस-पिवळी माशी पिकलेल्या ट्रफलच्या वर, मातीत अंडी घालते. अळ्या खाली जाऊन तोच खातात. हिवाळ्यातला, वारा नसलेला उन्हाचा दिवस निवडायचा. ऊन कलतं असावं. सूर्याकडे तोंड करून सावकाश चालायचं आणि हातातली बारीक काडी जमिनीलगत पुढे फिरवत जायचं. माशी जडशी उठते, हातभर उडते, पुन्हा तिथंच बसते. उन्हाकडे तोंड असलं की तिचे पंख चमकतात, नाहीतर ती मातीत मिसळून जाते. तिथं गुडघे टेकायचे, मूठभर माती उचलून हुंगायची. वास आला तरच उकरायचं, नाहीतर माती परत दाबून पुढं.

वाळवंटी ट्रफलला एवढाही खटाटोप नाही. अरबस्तानात तो वरच्या थरातच फुगतो, जमिनीला भेग पडते, आणि गुराखी ती भेग बघूनच खणतात.

आपल्या जवळचं उदाहरण बोडा, हाही मातीतला खाण्याजोगा बुरशीचा गोळा. बस्तरमध्ये बोडा, झारखंडमध्ये रुगडा. शास्त्रीय दृष्टीनं तो ट्रफल नव्हेच, पण साल नावाच्या झाडाच्या मुळांवर त्याच पद्धतीनं जगतो. पेंचला साग, कान्ह्याला साल, एवढं आठवलं की तो आपल्याकडे का नाही ते कळेल. पहिल्या पावसानंतर बाया सालाखालचा पाचोळा सारून काडीनं माती उकरतात. त्यांना कुत्रा लागत नाही, कारण बोडा कोवळाच खातात. कापल्यावर आत पांढराशुभ्र, हरभऱ्याएवढा ते बोराएवढा. बीजाणू पिकून आत काळा पडला, की त्याला बाजारात कोणी विचारत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: "मग आपली रानातली अळंबी, टेकोडे, सात्या?")

सात्या वेगळ्या. त्या वाळवीच्या घरट्यातून येतात, जमिनीवर छत्री उघडतात. शोधायचं ते वारूळ. पण जमिनीतून अर्धवट डोकावणारा गोळा दिसला, तर उभा मधोमध कापून बघा. आत देठ आणि छत्रीची पुसट आकृती दिसली, तर ती अमानिता नावाची न उमललेली छत्री असू शकते, आणि अमानितांपैकी काही जिवावर उठणाऱ्या आहेत. जाड सालीचा, आत जांभळट-काळा गोळा निघाला तर तोही विषारी. आत एकसारखा पांढरा असला, तरी तेवढ्यावर चुलीवर चढवू नका; जे लोक दर पावसाळ्यात तो खातात, त्यांना आधी दाखवा.