दांड घातलेलं लुगडं

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘जुन्या कापडातून टिकाऊ स्त्री-वेशभूषा’. वाचून मीच घाबरले. माझी आई असती तर म्हणाली असती, “जुनेऱ्याचं काय करायचं हे सांगाले माईक कायले पाह्यजे?”

दांड म्हणजे काय, कोणाकोणाला माहीत आहे? पुढच्या सगळ्या आज्यांचे हात वर. मागच्या पोरी मोबाइलमध्ये शोधताहेत. राहू द्या, मीच सांगते. नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं झिजत नाही. बसायच्या जागी आणि गुडघ्यावर विरतं, काठ-पदर शाबूत राहतात. आई म्हणायची, “मधात झिजते, काठाले काई होत नाई.” मग विरलेला भाग आडवा कापून काढायचा आणि धड तुकडे एकमेकांना जोडायचे. तो जोड म्हणजे दांड. आईच्या एका लुगड्याला दोन दांड होते. मावशीच्या घरच्या लग्नात ते तिनं निऱ्यांत असे दडवले की विहिणीनं कौतुकानं विचारलं, “नवं घेतलं का वो?” आई हो म्हणाली.

आता माझं दुखणं ऐका. दरवेळी सांगते म्हणून आमच्या गटातल्या बाया हसतात, हसू द्या. शहरातल्या एका दुकानानं आमच्याकडे वाकळीच्या, म्हणजे गोधडीच्या, धर्तीची तीस जॅकिटं मागितली. आम्ही घरोघरची सुती लुगडी गोळा केली, धुतली, तीन थर लावले, कडेपासून आत धावदोरा घातला. बोटांना भोकं पडली. माल गेला आणि परत आला. काय म्हणे, प्रत्येक नग वेगळा आहे! अहो, तीस घरची लुगडी, तीस जणींची बसायची तऱ्हा. एकसारखी झिजतील कशी? एकावर हळदीचा डागही होता म्हणे. होता, मला दिसला होता. पळसाचा रंग म्हणून खपेल असं वाटलं होतं. खरा राग त्यानंतरच्या फोनचा आला: “ताई, नव्या कापडावर जुनी दिसतील अशी ठिगळं लावून द्याल का?”

आणि आपण फॅशन शिकायला कुठं जायचं? कापूस वेचणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवते. बोंडाची टोकं हाताला ओरबाडत नाहीत, उन्हापासून बचाव होतो, खिशात मोबाइल मावतो. कंबरेला ओटी बांधली की झाला पोशाख. नवऱ्याच्या कुठल्याही वस्तूचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही. (सरपंचताई, तुम्ही नका हसू.)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्द्याचं भरभर सांगते.

सहावारी साडी साधारण 5.5 मीटर. मधला विरलेला मीटरभर गेला तरी 4.5 उरतं. कुर्त्याला अडीच मीटर पुरतं, बाकीच्यात अस्तर आणि दोन खोल खिसे. खिसे विसरू नका. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून ताणा. टर्रकन गेलं तर ते वाकळीच्या आतल्या थराला, कुर्त्याला नाही. भंडाऱ्याकडच्या करवतकाठी साडीचं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, अंग फाटलं तरी काठ बरेचदा धड असतो. इंचभर कापड जास्त ठेवून तो कापा, नाहीतर उसवेल. फटकडीत भिजवलेल्या सुती कापडावर पळसफुलांचा पिवळा छान चढतो, पॉलिस्टरवर नाही. तेव्हा भांडेवाली आली की पॉलिस्टरच्या साड्या खुशाल देऊन टाका, सुती मात्र एका स्टीलच्या डब्यासाठी घालवू नका. मी घालवलीय.

पुसदकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायांचं आरसे-कवड्यांचं काम हवं असेल, तर त्यांची जुनी कांचळी, म्हणजे चोळी, कापून तुकडे लावू नका. नवं काम सांगा आणि दर तासावर ठरवा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाबद्दलही बोलायचं होतं. गांधीजींनी 1938 मध्ये त्याचं उद्घाटन केलं. खादी आणि नैसर्गिक रंगांचं काम तिथं बघायला मिळतं, गटानं एकदा जाऊन याच.

बाकी राहिलं. ज्यांनी जुनेरं आणलंय त्यांनी चहा झाला की मशीनपाशी या. कात्री एकच आहे, भांडू नका.