जोडीतला उरलेला अर्धा भाग

पेअर स्केटिंगमधून, म्हणजे पुरुष आणि मुलीने जोडीने करायच्या बर्फावरच्या फिगर स्केटिंगमधून, निवृत्त झालेला खेळाडू शिकवायला उभा राहतो तेव्हा त्याच्या गाठीला पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असतो, पण तो निम्म्याच खेळाचा. खालून जोर कसा लावायचा हे पुरुषाच्या हातांना पाठ असतं. वर गेल्यावर तोल कसा सांभाळायचा, हे त्याला कधी करावंच लागलेलं नसतं. जोडीतल्या मुलीचं नेमकं उलट. शिकणारे मात्र दोघंही समोर असतात. म्हणून त्याची दुसरी कारकीर्द सुरू होते ती उरलेला अर्धा भाग शिकण्यापासून.

लेनिनग्राडच्या तमारा मोस्कविना आणि अलेक्सेई मिशिन या जोडीला १९६९ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळालं. पुढे मिशिन एकेरीकडे वळले आणि प्ल्यूशेंकोसारखे खेळाडू घडवले. मोस्कविना जोड्यांपाशीच राहिल्या. त्यांच्या चार जोड्यांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं: १९८४, १९९२, १९९८ आणि २००२. त्यातल्या १९९२ आणि १९९८ च्या दोन्ही जोड्यांत पुरुष एकच, आर्तुर दिमित्रिएव. जोडीदार मात्र आधी मिश्कुत्योनोक, नंतर काझाकोवा. माझ्या मते त्यांच्या कामगिरीतली ही सर्वांत अवघड गोष्ट आहे. जोडीदार बदलली की उंची, वजन, उडीचा वेळ, हाताची लांबी, सगळं बदलतं. पकड पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते.

पकड म्हणजे काय ते प्रेस लिफ्टवरून पाहू. यात तळव्याला तळवा लावून पुरुष तिला डोक्यावर नेतो. आधी गुडघे, आणि तेही दोघांनी एकाच ठोक्याला वाकवायचे. मग तिने त्याच्या तळव्यांवर खाली रेटा द्यायचा, कोपरं ताठ ठेवून. वर गेल्यावर त्याचीही कोपरं ताठ हवीत, खांदे कमरेच्या बरोबर वर. पुरुष तक्रार करतो, ‘आज ही जड लागतेय.’ जड ती झालेली नसते, तिची कोपरं सैल पडलेली असतात. सैल शरीर उचलणं आणि ताठ शरीर उचलणं यात फार फरक आहे. ती म्हणते, ‘हा डगमगतोय.’ पुष्कळदा तिने खाली पाहिलेलं असतं. मान खाली गेली की कंबर मागे सरकते आणि तो भार सावरायला त्याला पाय हलवावे लागतात. अशा वेळी तक्रार करणाऱ्याकडे न पाहता दुसऱ्याकडे पाहायची सवय प्रशिक्षकाने लावून घ्यावी.

लिफ्ट शिकवताना चढण्याआधी उतरणं शिकवायचं. पहिले कित्येक दिवस जमिनीवर, साध्या बुटांत, गाद्यांवर, दोन्ही बाजूंना धरायला माणसं उभी करून. उतरणं अंगवळणी पडलं की बर्फावर सरळ रेषेत, न फिरता. मग एक फेरी, मग दोन. नियमाने पुरुषाला साडेतीन फेऱ्यांपर्यंतच मुभा आहे, आणि पडण्याचा धोका शेवटच्या फेरीत जास्त, कारण दमलेल्या पुरुषाचं वजन पुढे झुकतं, ब्लेडच्या टोकाचे दात बर्फात रुततात आणि तो अडखळतो. तरीही हात सोडायचे नाहीत. तिच्या खाली आपण पडायचं, हे पुरुषाला पहिल्या दिवसापासून शिकवावं लागतं.

थ्रो जंपचं नावच फसवं आहे. पुरुषाने फेकायचं नसतं. उडी तिची असते. तो तिला उंची आणि लांबीची भर घालतो. थ्रो साल्को या प्रकारात ती मागे जात असताना ब्लेडच्या आतल्या कडेवरून उडते आणि मागे जातच बाहेरच्या कडेवर उतरते. ती घाईने हात आवळून फिरायला लागली की त्याचा हात कमरेवर असतानाच गिरकी सुरू होते, अक्ष कलतो, आणि ती कुल्ल्यावर आपटते. त्याने सोडायला उशीर केला तरी तसंच होतं, फक्त कल दुसऱ्या बाजूला. बर्फावरच्या खुणा पाहिल्या तर चूक कोणाची ते बहुधा कळतं: उड्डाणाची कड पूर्ण वळण्याआधीच तुटली असेल तर तिने घाई केली. एक गिरकी, मग दोन, मग तीन असं वाढवत न्यायचं, आणि कमरेला पॅड लावल्याशिवाय नाही. चार गिरक्यांच्या थ्रो साल्कोची किंमत काय असते ते २००६ मध्ये तोरिनोच्या ऑलिंपिकमध्ये दिसलं. झांग दान फाकलेल्या पायांवर पडली, गुडघा दुखावला, तरी कार्यक्रम पूर्ण करून झांग हाओबरोबर तिने रौप्य मिळवलं.

त्यांचे प्रशिक्षक होते याओ बिन. त्यांची स्वतःची खेळाडू म्हणून कारकीर्द पाहा. लुआन बोबरोबर १९८० मध्ये डॉर्टमुंडच्या जागतिक स्पर्धेत शेवटचा क्रमांक, १९८४ च्या साराजेव्हो ऑलिंपिकमध्येही शेवटचाच. चीनमध्ये तेव्हा हा प्रकार शिकवणारं कोणी नव्हतं. पुष्कळसं त्यांनी छायाचित्रांवरून बसवलं होतं. छायाचित्रात लिफ्ट दिसते, लिफ्टकडे नेणारी पावलं दिसत नाहीत. डेथ स्पायरल, म्हणजे पुरुष एका जागी फिरत असताना त्याचा हात धरून तिने बर्फालगत आडवं होऊन त्याच्याभोवती वर्तुळ काढणं, तेही दिसतं, पण पुरुषाने टो-पिक (ब्लेडच्या टोकाचे दात) रोवून गुडघा किती वाकवायचा आणि किती वेळ खाली राहायचं ते दिसत नाही. तो लवकर उठला तर तिची कड सुटते, आणि तिने कंबर खाली टाकली तर त्याचा हात ताणला जाऊन दोघांचं वर्तुळ मोडतं. ही मधली सगळी जागा याओ बिन यांनी शिकवण्याच्या काळात स्वतः भरून काढली. २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिंपिकला सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही त्यांच्या जोड्यांकडे गेली. १९६४ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हे सुवर्ण सोव्हिएत-रशियन परंपरेकडे आलं होतं, फक्त २००२ मध्ये ते कॅनडाच्या जोडीबरोबर विभागून.

शेजारी-शेजारी घ्यायच्या स्पिन, म्हणजे एका जागी उभ्याने घेतलेल्या गिरक्या, दिसायला सोप्या, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. कॅमल स्पिनमध्ये मोकळा पाय कमरेच्या उंचीवर आडवा असतो, म्हणजे प्रत्येकाचं ब्लेड सुमारे मीटरभर अंतरावर वर्तुळ काढतं. जवळजवळ फिरलं की एकजूट उठून दिसते, म्हणून जोड्या अंतर कमी करत जातात. त्यात एकाची स्पिन जागा सोडून सरकली की संपलं. जानेवारी १९९६ मध्ये रीगात सरावात येलेना बेरेझ्नायाच्या डोक्याला तिच्या तेव्हाच्या जोडीदाराचं ब्लेड लागलं. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, चालणं-बोलणं तिला पुन्हा शिकावं लागलं. मोस्कविनांनी तिला सिखारुलिद्झे या नव्या जोडीदाराबरोबर उभं केलं, आणि १९९८ मध्ये ही जोडी ऑलिंपिकमध्ये दुसरी आली. म्हणून सरावात दोघांच्या स्पिनचे मध्यबिंदू बर्फावर तपासा. पाय बदलण्याची हाक मोठ्याने आणि रोज त्याच व्यक्तीने द्यावी.

ट्विस्ट या प्रकारात तिला वर सोडून, तिच्या गिरक्या पूर्ण झाल्यावर हवेतच कमरेला धरायचं असतं. ती त्याच्या खांद्यावर कोसळत असेल तर नवखा प्रशिक्षक झेलण्याचा सराव वाढवतो. दोष बहुतेक वेळा आधीच्या चार पावलांत असतो: ती त्याच्या फार जवळ येते, टो-पिक त्याच्या पायाशी पडतो, आणि तो सरळ वर न उचलता तिला स्वतःकडे ओढतो. अंतर सुधारा, झेल आपोआप सुधारतो.

याओ बिन यांचा शिष्य झाओ होंगबो २०१० च्या सुवर्णानंतर प्रशिक्षक झाला. त्याच्या मार्गदर्शनाखाली खेळलेले सुई वेनजिंग आणि हान त्सोंग २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये ०.४३ गुणांनी सुवर्णाला मुकले, आणि २०२२ मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकला ०.६३ गुणांनी जिंकले. दोघांपैकी एक जण पडला की एक गुण जातो, दोघं पडले की दोन.