सिगार निपाणीपर्यंत पुरतो

(कोल्हापुरात चालक आणि गाडीमालकांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तीस वर्षं मी या गावात माणसांना गाडी शिकवतोय. क्लच कधी सोडायचा, घाटात गिअर कुठला, हे सगळं शिकवलं. पण चालवताना तोंडात काय असावं, यावर मी कधी बोललो नाही. आज तेवढंच बोलणार आहे.

सिगार म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यातला चिरूट. शब्द मूळचा तमिळ, 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळलेलं. त्रिचनापल्लीचे चिरूट एके काळी विलायतेपर्यंत जायचे. म्हणजे ही वस्तू आपल्याला नवी नाही. नवं आहे ते चालत्या गाडीत ओढणं. परदेशातून कुणी पाहुणा येतो, येताना एक डबा आणतो, आणि नवी गाडी घेतलेल्या माणसाला वाटतं, चला, हायवेवर एक पेटवू.

तर आधी सिगारचा स्वभाव समजून घ्या. सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते. मोठा सिगार तासभर चालतो. तावडे हॉटेलच्या चौकात पेटवला तर निपाणी येईपर्यंत तुमच्या हातात असतो. सिगारेटसाठी माणूस फार तर टपरीजवळ थांबतो. सिगारसाठी खुर्ची घेऊन बसावं लागतं, ती वस्तूच तशी केलेली आहे. तोंडाकडचं टोक कापायचं, दुसरं टोक ज्योतीवर धरून गोल गोल फिरवायचं, सगळीकडून सारखं पेटलं की नाही ते बघायचं. नीट करायचं तर यात अर्धं मिनिट सहज जातं. मध्येच विझला तर हे सगळं पुन्हा.

आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे तुम्ही लायटरकडे तीन सेकंद बघितलंत तर जवळजवळ चार मैदानं न बघता पार केलीत. हायवेवर ८० ने असाल तर पाच. आणि हे दिवसा. रात्री आणखी एक गोष्ट होते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांपुढे ज्योत आली की नजर दिपते. ती पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात बिनदिव्याची ट्रॉली दिसत नाही.

आपल्याकडे गाळपाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर काय असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ऊस बाहेर आलेला, डोळ्यांच्या उंचीवर.

अशाच एका हंगामात, पौषातली रात्र होती, मी गगनबावड्याहून कोल्हापूरला येत होतो. बायको शेजारी, सहा वर्षांची मुलगी मागे झोपलेली. मेव्हण्याने दिलेल्या डब्यातला सिगार माझ्या बोटांत होता. काच चार बोटं खाली. सिगारची राख सिगारेटसारखी लगेच गळत नाही, लांब धरून राहते. ओढणारे तिचं कौतुक करतात. मीही करत होतो. कळे गावाच्या अलीकडे एक गतिरोधक लागला, न रंगवलेला. गाडी उडाली, राखेबरोबर निखारा तुटून मांडीवर पडला. मी खाली बघितलं. डावा हात स्टेअरिंगवरून सुटला, पाय उचलला गेला, मांडी झटकायला लागलो. बायको ओरडली म्हणून मान वर केली, तर समोर ट्रॉली. ब्रेक लागला. काचेपासून ऊस हातभर लांब होता.

मी उतरलो, रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तेवढ्यात मुलगी रडायला लागली. तिच्या फ्रॉकला बाहीजवळ भोक पडलं होतं आणि दंडावर लाल ठिपका होता. मी झटकलेली ठिणगी पुढच्या काचेतून बाहेर गेली आणि मागच्या काचेतून आत आली होती. पुढून फेकलेली ठिणगी वारा मागे ओढतो, आणि मागची काच उघडी असली की ती सीटवर येते. हे मी त्या दिवशी शिकलो. सीटच्या आतला फोम पेट घेतो, हे तर कुठलाही कुशनवाला सांगेल. जुन्या गाड्यांची सीट उसवून बघा, ड्रायव्हरच्या दोन मांड्यांमधल्या भागात जळालेली भोकं किती सापडतात ते.

तो डबा मी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात रिकामा केला. पण मी आज तंबाखू सोडा म्हणायला आलेलो नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील आणि त्यांचं ऐका. मी चाकाबद्दल बोलतोय.

धुराचं मात्र सांगावं लागेल, कारण त्याचा चाकाशी संबंध आहे. 'सिगारचा धूर मी छातीत घेत नाही, नुसता तोंडात फिरवतो' असं म्हणणारे खूप. पण सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. सवय नसलेल्या माणसाने उपाशीपोटी ओढला तर चक्कर येते, घाम फुटतो, मळमळतं. घाटात हे झालं तर? शिवाय जळत्या तंबाखूतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. बंद गाडी म्हणजे केवढीशी खोली! एसी लावून, हवा आतल्या आत फिरवत सिगार ओढला तर तो धूर मागच्या पोराच्याही छातीत जातो. ते पोर सिगार ओढत नाही, खाली उतरू शकत नाही, आणि 'बाबा, बंद करा' म्हणायला घाबरतं. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून अठरा वर्षांखालचं मूल गाडीत असेल तर धूम्रपानाला बंदी आहे. आपल्याकडे २००३ चा तंबाखूविषयक कायदा आहे, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणांचे नियम आहेत, दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. त्यात एसटी येते, वडापची जीप येते. तुमची स्वतःची मोटार त्यात स्पष्टपणे येत नाही. म्हणून ही गोष्ट घरातच ठरवावी लागते. कुणी पोलीस येऊन ठरवून देणार नाही.

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील, आम्ही कुठले सिगारवाले! खरं आहे. आपल्याकडे ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त. मग डाव्या तळहातावर तंबाखू-चुना, उजव्या अंगठ्याने मळतोय, आणि स्टेअरिंग? स्टेअरिंग गुडघ्यावर! शिरोलीच्या पुलावर मी हे डोळ्यांनी बघितलंय. मळून झालं की पिंक टाकायला दार उघडायचं, मागे मोटरसायकलवाला. सिगारचं थोटूक आणि ही पिंक, दोन्हींचा धोका मागून येणाऱ्यालाच. डोळ्यात ठिणगी गेलेला दुचाकीवाला दोन्ही डोळे मिटतो. आणि थोटूक कडेच्या पाचटात पडलं तर काय होतं, ते ज्याचा फड पेटलाय त्याला विचारा. वर्षभराची मेहनत, आणि जळका ऊस कारखाना कपात लावून घेतो.

गाड्या करणाऱ्यांनीही एक काळ या सवयीला जागा करून दिली होती. आज आपण जिथे मोबाईलचा चार्जर खुपसतो, ते भोक मुळात सिगार पेटवायच्या लायटरचं. बऱ्याच गाड्यांच्या फ्यूजच्या झाकणावर तसं लिहिलेलं अजून सापडतं. राखेचा डबाही असायचा, आता नव्या गाड्यांत तो सहसा मिळत नाही. हे बरं झालं असं मला मनापासून वाटतं.

मघाशी एका तरुण मित्राने चिठ्ठी पाठवली. तो एका मालकाकडे ड्रायव्हर आहे. मालक मागे बसून सिगार ओढतात, धुराने याचे डोळे चुरचुरतात, काच उघडली की 'एसी जातोय' म्हणून बोलणी खावी लागतात. नोकरी महत्त्वाची, बोलणार कसं? भावा, तुझा प्रश्न आज इथला सगळ्यात अवघड आहे. स्टेअरिंग तुझ्या हातात, पण गाडी तुझी नाही. मालकमंडळी इथे बसली आहेत, त्यांना मी हात जोडून सांगतो, ज्याच्या डोळ्यांवर तुमचा जीव आहे त्याच्या डोळ्यांत धूर सोडू नका.

आणि तुला माझ्याकडे शिकलेल्या एका पोराचं सांगतो. तो असाच नोकरीला होता. मागे लायटरचा आवाज आला की तो इंडिकेटर द्यायचा, जागा बघून गाडी कडेला घ्यायचा, उतरून मागचं दार उघडायचा आणि म्हणायचा, "साहेब, तुम्ही बाहेर मोकळ्या हवेत निवांत ओढा, तोवर मी टायरची हवा बघतो." पहिल्यांदा मालक चिडले. दुसऱ्यांदा काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा, कागलच्या पुढे, लायटर काढायच्या आधी तेच म्हणाले, "जरा चहाला थांबव रे कुठंतरी."